गणित कच्चं आहे? डिग्री गणित टाळून निवडू नका, काम बघून निवडा



दहावी-बारावीचे निकाल लागले की मला तेच तीन प्रश्न फिरून फिरून येतात. "सर, गणित नसलेला एखादा चांगला कोर्स सांगा." "मुलीला गणित अजिबात जमत नाही, तिला कशाला घालू?" आणि तिसरा, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो, "गणितात जेमतेम पस्तीस पडले, पण पुढे स्वतःचा व्यवसाय करायचाय. जमेल का?"

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. जमेल. पण एका अटीवर, आणि ती अट पुढे सविस्तर सांगणार आहे. पहिल्या दोन प्रश्नांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. "गणित नसलेला कोर्स" शोधणं हीच चुकीची सुरुवात आहे. गणितापासून पळत पळत माणूस जिथे पोचतो, तिथे त्याला जायचं होतं असं नसतं. तिथे फक्त गणित नव्हतं, एवढंच. तीन वर्षं आणि आईबाबांचे लाख-दोन लाख रुपये घालवायला हे कारण फार लहान आहे.

बाजारात दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, गणित नाही तर काहीच नाही, मग आर्ट्सला जा आणि नशिबाला दोष दे. दुसरं म्हणतं, गणित लागतच नाही, पॅशन असली की झालं. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं मत पोरांचा आत्मविश्वास मारतं. दुसरं मत पुढे त्यांचा धंदा मारतं.

"गणित कच्चं" म्हणजे नेमकं काय कच्चं?

कोणी "माझं गणित कच्चं" म्हटलं की मी विचारतो, कुठलं? कारण या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली गोष्ट, शाळेचं वरच्या वर्गातलं गणित. वर्गसमीकरणं, त्रिकोणमिती, भूमितीतल्या सिद्धता. हे जमत नसेल तर इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, अर्थशास्त्राचं वरचं शिक्षण अवघड जाईल, हे खरं आहे. ते मान्य करायला लाज कसली?

दुसरी गोष्ट, हिशेब. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, टक्के, सरळव्याज. हे बालभारतीच्या सहावी-सातवीच्या पुस्तकांतलं गणित आहे. शतमान, नफा-तोटा, व्याज हे सगळे धडे तिथेच येतात. धंद्याला रोज लागतं ते हे.

तिसरी गोष्ट, भीती. सहावीत कधीतरी फळ्यासमोर उभं केलं, उत्तर चुकलं, वर्ग हसला. तिथपासून आकडे दिसले की डोकं बंद. अशी माणसं भाजीवाल्याकडे अर्धा किलोचा हिशेब मनातल्या मनात करतात, आणि वर म्हणतात मला गणित येत नाही!

चौथी गोष्ट, खरीखुरी अध्ययन अक्षमता. काही मुलांना आकड्यांची जागा, क्रम, लहान-मोठेपणा लक्षात राहतच नाही. त्याला डिस्कॅलक्युलिया म्हणतात. आळस किंवा कमी बुद्धी याचा त्याच्याशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अक्षमतांचा समावेश आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. घरात असं मूल असेल तर ओरडण्याआधी तपासणी करून घ्या.

आता तुम्ही या चारपैकी कुठे बसता ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. माझा अनुभव असा आहे की बहुतेकांचं पहिलं आणि तिसरं कच्चं असतं, दुसरं नाही. आणि ते तिसऱ्यामुळे दुसऱ्यालाही हात लावत नाहीत. नुकसान तिथे होतं.

हिशेब मार्कांवर अवलंबून नाही

पुरावा हवा असेल तर तुमच्या गावातला महिला बचत गट बघा. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्याबरोबर हिशेब लिहिणं हे पाचवं सूत्र आहे. शेकडा दोन रुपयांनी दिलेल्या कर्जावर या महिन्याचं व्याज किती, मुद्दल किती उरलं, कोणाचा हप्ता थकला, हे सांगणाऱ्या ताईंपैकी कितीजणी दहावीपर्यंतही पोचलेल्या नसतात. त्यांना कोणी शतमानाचा पेपर दिला तर कदाचित घाबरतील. पण गटाच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे झाला तर लगेच पकडतील.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. १९५९ साली मुंबईत गिरगावात जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्याबरोबरच्या सहा जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच आजचं लिज्जत. या गोष्टीत आपण नेहमी "८० रुपये" आणि "सात बायका" एवढंच सांगतो. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सुरुवातीपासून एका गोष्टीचा आग्रह धरला होता, तो मात्र सांगायचा राहतो. हे काम दानधर्म म्हणून चालवायचं नाही, धंदा म्हणून चालवायचं आणि हिशेब चोख ठेवायचा. त्या बायका गणितात हुशार होत्या की नव्हत्या, हे कोणी विचारलं नाही. वही चोख होती.

म्हणून मी म्हणतो, गणित कच्चं असलेल्या माणसाने धंदा जरूर करावा. अट एकच. हिशेब शिकावाच लागेल. त्यातून सुटका नाही, आणि तो शिकता येतो.

"गणित नसलेल्या" कोर्समधलं गणित

आता डिग्रीकडे येऊ. "नो मॅथ्स करिअर"च्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यातली बरीच नावं अर्धसत्य आहेत. पोरगं ॲडमिशन घेतं आणि दुसऱ्या वर्षाला आकडे समोर येतात. म्हणून कुठे काय आहे ते आधीच माहीत असू द्या.

*कॉमर्स.* आपल्याकडे अकरावीला गणिताऐवजी एसपी घेता येतं. त्यामुळे गणित न घेता बारावी कॉमर्स होते आणि बीकॉमलाही जाता येतं. पण बीकॉमला काही विद्यापीठांत सुरुवातीलाच गणित-संख्याशास्त्राचा पेपर असतो. आणि सीए करायचं असेल तर फाउंडेशनला बिझनेस मॅथेमॅटिक्स आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे, तोही चुकीच्या उत्तराला मार्क कापणारा. अकाउंट्स आवडणं आणि गणित आवडणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणितात रडलेली कितीतरी मुलं अकाउंट्समध्ये रमतात, कारण तिथे प्रत्येक आकड्यामागे एक व्यवहार असतो.

*बीएमएस, बीबीए.* नाव मॅनेजमेंटचं असलं तरी अकाउंट्स, कॉस्टिंग, संख्याशास्त्र येतंच.

*मानसशास्त्र.* सगळ्यात जास्त फसगत इथे होते. लोकांशी बोलायला आवडतं म्हणून मुलं येतात. पुढे संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र लागतं, एमएला तर नक्कीच. समुपदेशक व्हायची खरी ओढ असेल तर तेवढं संख्याशास्त्र ट्यूशन लावून पार करा. त्याला घाबरून रस्ता सोडू नका.

*हॉटेल मॅनेजमेंट.* बारावी कुठल्याही शाखेची चालते. पण किचनमध्ये फूड कॉस्टिंग असतं. एक किलो मटार सोलल्यावर जेमतेम निम्मे दाणे हातात येतात. म्हणजे ६० रुपये किलोचे मटार घेतले तर दाणे १२० रुपये किलोला पडले. हे ज्याला कळत नाही तो उत्तम शेफ होईल, हॉटेलमालक होणार नाही.

*फॅशन, शिवणकाम.* पॅटर्न काढताना छातीच्या मापाचा पाव भाग, त्यात शिलाई आणि सैलपणाची भर, हे सगळं अपूर्णांकांचं गणित आहे. फक्त ते कागदाऐवजी कापडावर असतं. आणि कापडावर चूक झाली की पुसता येत नाही.

*आयटीआय.* वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम अशा काही ट्रेड्सना दहावी नापासही चालतं. तिथे वर्कशॉप कॅल्क्युलेशनचा विषय असतो. पण हातात पाइप आणि टेप घेऊन केलेलं गणित शाळेतल्यापेक्षा लवकर डोक्यात जातं.

*कायदा.* पाच वर्षांच्या कोर्ससाठी क्लॅट दिली तर त्यात साधारण दहा टक्के प्रश्न आकडेमोडीचे असतात, तेही दहावीच्या पातळीचे. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीत गणिताचा विषय म्हणून काही नाही.

*भाषा, इतिहास, पत्रकारिता, चित्रकला, उपयोजित कला, संगीत, समाजकार्य.* इथे खरोखरच गणित नगण्य आहे. पण या क्षेत्रांत पोट भरायला बहुतेकांना पुढे स्वतःचं काम स्वतः विकावं लागतं. फ्रीलान्स डिझायनर, भाषांतरकार, फोटोग्राफर, क्लासवाले हे सगळे छोटे उद्योजकच आहेत. म्हणजे अभ्यासक्रमात गणित नाही, पण आयुष्यात हिशेब आहे.

ही यादी वाचून निराश होऊ नका. सांगायचं इतकंच की गणितापासून पूर्ण पळून जायला जागाच नाही. आणि पळायची जागा नाही हे एकदा पक्कं झालं की निवड सोपी होते. कारण मग "कुठे गणित नाही" हा प्रश्नच निकालात निघतो आणि खरा प्रश्न समोर येतो, मला काम कुठलं करायचंय?

मग निवडायचं कसं?

"अर्थपूर्ण करिअर" हा शब्द आजकाल फार वापरला जातो. माझी व्याख्या साधी आहे. ज्या कामामुळे कोणाचं तरी अडलेलं पुढे सरकतं आणि ते करताना तुम्हाला घड्याळ बघावंसं वाटत नाही, ते अर्थपूर्ण काम. यासाठी चार प्रश्न वहीत लिहून उत्तरं काढा.

एक. कोणाचं काय अडलंय, जे मला दिसतं? शहरात मुलं परदेशी गेलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायला माणूस नाही. गावातल्या छोट्या उत्पादकाला मराठीत नीट लेबल आणि जाहिरात लिहून देणारं कोणी नाही. शाळेत शिकायला जड जाणाऱ्या मुलांसाठी तालुक्याला विशेष शिक्षक नाही. तुम्हाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नसतं.

दोन. त्या कामातला मंगळवार कसा असतो? कुठलंही क्षेत्र समारंभाच्या दिवशी छान दिसतं. मंगळवारी दुपारी तीन वाजता त्या माणसाच्या टेबलावर काय असतं ते बघा. त्या क्षेत्रातल्या तीन माणसांना भेटा. एक नोकरी करणारा, एक स्वतःचा व्यवसाय करणारा, एक सोडून गेलेला. तिसऱ्याकडून सगळ्यात जास्त शिकाल.

तीन. या कामात आकडे किती आणि कुठल्या जातीचे? आता तुम्हाला चार प्रकार माहीत आहेत. वरच्या वर्गाचं गणित रोज लागणार असेल आणि ते तुम्हाला खरोखर जमत नसेल, तर ते क्षेत्र सोडा, त्यात कमीपणा नाही. फक्त हिशेब लागणार असेल, तर ते कारण देऊन सोडायचं नाही. एखादाच पेपर संख्याशास्त्राचा असेल तर तो ओढून नेता येतो.

चार. या डिग्रीची किंमत किती आणि त्याच पैशात दुसरं काय झालं असतं? समजा खासगी कॉलेजचा कोर्स तीन वर्षांत तीन लाखांना पडतोय. तीन लाख हे छोट्या व्यवसायाचं चांगलं भांडवल आहे. मी डिग्रीच्या विरोधात नाही. पण ज्याला केटरिंगच करायचंय त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून कमी फीमध्ये पदवी घेत, दिवसा एखाद्या केटररकडे काम केलं तर तीन वर्षांनी त्याच्याकडे पदवी, हात बसलेलं काम आणि शिल्लक भांडवल असं तिन्ही असेल. उलट नर्सिंग, फार्मसी, कायदा अशा ठिकाणी परवान्यासाठी ठरलेलं शिक्षण घ्यावंच लागतं, तिथे हा शॉर्टकट नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक दार उघडलंय, त्याचा फायदा घ्या. आता पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला खुला विषय निवडायची सोय आहे. मराठी किंवा इतिहास मुख्य विषय घेतलेल्याने कॉलेजात आर्थिक साक्षरता, मूलभूत अकाउंट्स किंवा उद्योजकता असा काही खुला विषय आहे का ते विचारावं. फॉर्म भरताना मित्राने घेतला तोच विषय टिक करू नका.

इतिहासाची डिग्री आणि पंचवीस माणसं

हे सगळं एका उदाहरणात बघू. समजा तुम्हाला इतिहास आवडतो, गड-किल्ले फिरायला आवडतात, गणितात पस्तीस. घरचे म्हणतायत, "इतिहासात बीए करून काय करणार?"

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. किल्ल्यावर जाणारे पुष्कळ आहेत. किल्ला नीट समजावून सांगणारे कमी. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला काम आहे, आणि त्या कामाला अर्थही आहे.

आता व्यवसाय म्हणून बघा. तुम्ही एका दिवसाची सहल काढताय. बस १२,००० रुपये, स्थानिक वाटाड्या २,०००, प्रथमोपचार आणि किरकोळ १,०००. एकूण १५,०००. माणसं किती आली यावर हा खर्च अवलंबून नाही. प्रत्येकामागे नाश्ता-जेवण २५० रुपये. फी ठेवली ८५०. म्हणजे प्रत्येक माणसामागे ८५० वजा २५०, तुमच्या हातात ६००. आता १५,००० भागिले ६००, उत्तर २५. पंचवीस माणसं येईपर्यंत तुम्ही फुकट काम करताय. बस ३२ सीटची असेल तर तुमची कमाई शेवटच्या सात सीटमध्ये आहे, ४,२०० रुपये.

हे कळलं की लगेच निर्णय बदलतात. अठरा नावं आली तर ३२ सीटची बस नको, दोन छोट्या गाड्यांचा भाव काढू. "ग्रुपला शंभर रुपये कमी करा" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते कळतं, कारण ६०० चे ५०० झाले की पंचवीसऐवजी तीस माणसं लागतात.

यात किती गणित लागलं? एक बेरीज, एक वजाबाकी, एक भागाकार. इतिहासाच्या डिग्रीला हे तीन हिशेब जोडले की तो व्यवसाय होतो. नाही जोडले तर तो हौशी ग्रुप राहतो आणि दोन वर्षांत बंद पडतो. याच हिशेबाला धंद्याच्या भाषेत ब्रेक-इव्हन म्हणतात.

आणखी पाच हिशेब, जे यायलाच हवेत

१. खरा खर्च. घरी चकली करून विकताय. किलोमागे सामान १९०, गॅस २५, पॅकिंग २०. झाले २३५. विक्री ३२० ला. ८५ रुपये सुटले म्हणून खूश? एका किलोला दोन तास लागले असतील तर तुम्ही तासाला साडेबेचाळीस रुपयांवर राबताय. स्वतःची मजुरी तासाला ६० धरली तर खर्च ३५५ होतो आणि किलोमागे ३५ रुपयांचं नुकसान. भाव ठरवताना स्वतःची मजुरी आधी लिहा.

२. मार्जिन आणि डिस्काउंट. ८० ला आणलेली वस्तू १०० ला विकली. खरेदीवर बघितलं तर २५ टक्के, विक्रीवर बघितलं तर २० टक्के. दोन्ही बरोबर, पण समोरचा कुठल्या टक्क्याबद्दल बोलतोय ते विचारा. आणि यावर तुम्ही दहा टक्के सूट दिली तर नफा २० वरून १० वर येतो, म्हणजे निम्मा. तेवढाच नफा मिळवायला दुप्पट माल विकावा लागेल.

३. जीएसटी उलटा काढणं. १८ टक्के धरून बिल १,१८० चं आहे. मूळ किंमत १,०००, कर १८०. पुष्कळजण १,१८० चे १८ टक्के काढतात, ते २१२ च्या वर जातात. १,१८० ला १.१८ ने भागायचं, बस्स.

४. व्याज. "वर्षाला फक्त १२ टक्के" असं कोणी सांगितलं तर विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकेवर? एक लाखावर फ्लॅट १२ टक्के म्हणजे वर्षाला १२,००० व्याज, महिन्याचा हप्ता ९,३३३. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दलही फेडताय, पूर्ण लाख वर्षभर तुमच्याकडे नाहीतच. घटत्या शिलकेच्या हिशेबाने हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. ऑनलाइन ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा.

५. अडकलेला पैसा. दुकानदार तुम्हाला ४५ दिवसांनी पैसे देतो, तुमच्या मालवाल्याला १५ दिवसांत हवेत. मधले ३० दिवस तुमचे. रोज १,००० चा कच्चा माल लागत असेल तर ३०,००० रुपये कायम अडकलेले. वहीत नफा दिसतो आणि खिशात पैसा नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. तो वापरायला कोणी बंदी केलेली नाही. शाळेत घाईत उत्तर काढायला मार्क होते, धंद्यात बरोबर उत्तर काढण्याला पैसे आहेत. दहा मिनिटं लागली तरी चालतील.

"सीए आहे ना, तो बघेल"

हे वाक्य मी खूप ऐकतो. सीए जरूर ठेवा. पण सीए तुम्हाला मार्चमध्ये सांगणार की गेल्या वर्षी काय झालं. आज समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला किती भाव द्यायचा हे तुम्हालाच ठरवायचंय. आणि ज्याला स्वतःचे आकडे वाचता येत नाहीत, त्याला भागीदार, नोकर, सावकार कोणीही गुंडाळू शकतो. हिशेब येणं म्हणजे स्वतःच्या कामाची किल्ली स्वतःच्या खिशात असणं.

सरकारी योजनांमध्येही कोणी तुमची गणिताची मार्कलिस्ट मागत नाही. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पीएमईजीपीमध्ये उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास एवढीच शिक्षणाची अट आहे. पण बँकेचा साहेब एक प्रश्न हमखास विचारतो, "महिन्याला हप्ता कुठून भरणार?" त्याचं उत्तर तुम्हाला स्वतःच्या तोंडाने, आकड्यात देता आलं पाहिजे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था यासाठी प्रशिक्षण देतात. आपल्या जिल्ह्यात चौकशी करा.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलाच्या गणिताच्या मार्कांवरून त्याची लायकी ठरवू नका, आणि त्याला वाचवायचं म्हणून "काहीतरी सोपं" मध्ये ढकलूही नका. विशेषतः मुलींच्या बाबतीत. "तिला कुठे धंदा करायचाय, होऊ दे बीए" असं म्हणून तिला हिशेबापासून लांब ठेवलं की तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या हातातल्या पैशाकडे बघावं लागतं. घरखर्चाची वही तिच्या हातात द्या. लाइटबिल, किराणा, गॅस, हप्ता. तीन महिन्यांत ती तुम्हाला सांगेल पैसा कुठे गळतोय.

या महिन्याचा गृहपाठ

पहिल्या आठवड्यात बालभारतीची सहावी-सातवीची गणिताची पुस्तकं घ्या. ई-बालभारतीवर फुकट मिळतात. फक्त शतमान, नफा-तोटा आणि सरळव्याज. रोज पाच उदाहरणं, लाज न बाळगता.

दुसऱ्या आठवड्यात आवडीच्या क्षेत्रातल्या तीन माणसांना भेटा. मंगळवारचा प्रश्न विचारा.

तिसऱ्या आठवड्यात कॉलेजमधून किंवा वेबसाइटवरून त्या कोर्सचा पूर्ण अभ्यासक्रम काढा. पहिल्यापासून शेवटच्या सेमिस्टरपर्यंत. आकड्यांचे पेपर कुठले ते पेन्सिलने खूण करा आणि समोर लिहा, वरचं गणित की हिशेब.

चौथ्या आठवड्यात एक छोटी गोष्ट विकून बघा. दहा पणत्या, पाच किलो लाडू, दोन फोटोशूट, काहीही. वर दिलेले सगळे हिशेब त्यावर मांडा. नफा झाला नाही तरी चालेल, आकडा खरा आला पाहिजे.

एवढं करून मग ॲडमिशनचा फॉर्म भरा. तेव्हा त्यातला विषय भीतीने नाही, तुम्ही निवडलेला असेल.

चला, वही-पेन घ्या आणि पहिला हिशेब आजच मांडा.